लॅगिंगचं काम केलेल्या वडिलांच्या एक्स-रेत ‘प्लाक’ आलेत, टीबीची औषधं सुरू करायची का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला सांगता येईल. वडील ६८ वर्षांचे. १९७५ ला मुंबईत गिरणीच्या बॉयलर खात्यात हेल्पर म्हणून लागले, ८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांमध्ये एका कंत्राटदाराकडे लॅगिंगचं काम, ते साधारण २००३ पर्यंत. आता वर्षभर जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला आहे, ताप नाही, वजन दोनेक किलो उतरलंय. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंना कॅल्शियम साठलेले प्लुरल प्लाक आणि खालच्या भागात जाळीसारख्या सावल्या असं लिहिलंय. जवळचे डॉक्टर म्हणाले जुना टीबी दिसतोय, एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू करू. तुम्ही नेटवर शोधत शोधत मेसोथेलिओमापर्यंत, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या पदराच्या कॅन्सरपर्यंत पोचलात आणि आता झोप उडालीये. शिवाय गावी चिपळूणजवळ घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, ते मे महिन्यात बदलायचेत, तर त्याचं काय.

मी छातीविकाराचा डॉक्टर आहे, ठाण्यात २७ वर्षं प्रॅक्टिस आहे, त्यामुळे गिरणीतले, गोदीतले, कंपन्यांमधले असे बरेच जण माझ्याकडे येऊन गेलेत. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू का, तुम्ही चार रिपोर्टमधला मजकूर टाकलाय, त्यातल्या एकावरही वडिलांनी आयुष्यभर काय काम केलं ते लिहिलेलं नाही. एका ठिकाणी ‘रिटायर्ड’ एवढंच आहे. एक्स-रे वाचणाऱ्याला जर माहीतच नसेल की हा माणूस २८ वर्षं अ‍ॅस्बेस्टॉस हाताळत होता तर तो आपल्याकडे जे रोज दिसतं तेच लिहिणार, म्हणजे जुना टीबी. त्यात त्या डॉक्टरांचीही फार चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, मी फिल्म पाहिलेली नाही, वडिलांची छाती ऐकलेली नाही, त्यामुळे त्यांना नक्की काय झालंय हे मी इथून सांगणार नाही. कुठल्या शक्यता आहेत, त्या कशा वेगळ्या ओळखायच्या आणि मी माझ्या ओपीडीत काय केलं असतं तेवढं सांगतो.

लॅगिंग म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वाफेच्या पाइपांची, बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यावर जे जाड अस्तर चढवतात ते. त्या काळात त्यात सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, दोरी, कापड, गॅस्केट आणि पोत्यात येणारी पावडर. माझ्याकडे एक आजोबा यायचे, त्यांना मी विचारलं की पावडर नक्की कशी लावायचात, तर त्यांनी माझ्या टेबलावर हातानेच करून दाखवलं. घमेल्यात पोतं उलटं करायचं, पाणी टाकायचं आणि कणीक मळतो तसं दोन्ही हातांनी मळायचं, मग पाइपवर थापायचं. पोतं उलटं करताना धूर उठल्यासारखा उठायचा म्हणाले, समोरचा माणूस दिसायचा नाही, तोंडाला काय तर गमछा. आणि खरी धूळ लावताना नाही तर जुनं काढताना, वाळलेलं अस्तर छिन्नी-हातोडीने फोडायचं तेव्हा. मी तेव्हापासून प्रत्येकाला ‘नोकरी काय’ असं विचारत नाही, ‘हाताने काय काय करायचात ते दाखवा’ असं विचारतो. तुम्हीही वडिलांना असंच विचारा, खूप वेगळी उत्तरं मिळतात.

अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडच, पण त्याचे बारीक तंतू सुटतात, आणि ते उभे उभे चिरत जाऊन इतके सूक्ष्म होतात की डोळ्याला दिसत नाहीत, गमछ्यातून आरपार जातात. आत गेल्यावर फुफ्फुसातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण तंतू पेशीपेक्षा लांब असला की तो अर्धा आत अर्धा बाहेर राहतो, पेशी मरते, तिच्यातली रसायनं बाहेर सांडतात, सूज येते, मग दुसरी पेशी येते, तिचंही तेच. हे वर्षानुवर्षं चालू राहतं, काम सोडल्यानंतरसुद्धा, कारण तंतू तिथेच असतो. म्हणून २००३ ला काम सुटलं आणि त्रास २०२४ ला सुरू झाला हे ऐकून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. उलट या आजारांची वेळ अशीच असते, पहिल्यांदा धूळ छातीत गेल्यापासून २० वर्षं, ३० वर्षं, मेसोथेलिओमात तर ४० वर्षंसुद्धा. १९७५ पासून मोजा, ५० वर्षं होतात.

आता तो प्लाक शब्द, ज्याने तुम्ही घाबरलात. फुफ्फुसाभोवती दोन पदर असतात, एक फुफ्फुसाला चिकटलेला आणि एक छातीच्या भिंतीला आतून चिकटलेला. प्लाक म्हणजे या भिंतीकडच्या पदरावर जमलेले जाड, कडक ठिपके, हाताला घट्टे पडतात ना, तसं काहीसं समजा. कालांतराने त्यात कॅल्शियम साठतं आणि मग एक्स-रेत पांढरे दिसतात. प्लाक हा कॅन्सर नाही आणि प्लाकचा कॅन्सर होतो असंही नाही, बहुतेक वेळा त्याने दमसुद्धा लागत नाही. पण दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या मागच्या-बाजूच्या भागात आणि पडद्यावर म्हणजे डायफ्रामवर असे प्लाक दिसले की तो माणूस कधीतरी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत होता याचा जवळजवळ शिक्काच समजा. टीबीनंतर जे कॅल्शियम साठतं ते बहुतेक वेळा एकाच बाजूला असतं, सलग जाड कवच असतं आणि सोबत फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुने व्रण असतात. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाजू आणि खालचा भाग लिहिलंय, म्हणून मला टीबीपेक्षा दुसऱ्या दिशेचा संशय जास्त येतो.

मग दम कशाचा? त्याचं उत्तर कदाचित त्या ‘जाळीसारख्या सावल्यां’मध्ये आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाचा स्पंजच हळूहळू चिवट, आकसलेला होतो, खालच्या भागापासून सुरुवात होते, त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. हे नाव काही नवीन नाही, १९२४ मध्ये इंग्लंडात रॉचडेलच्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेल्या नेली कर्शॉ नावाच्या बाईच्या मृत्यूबद्दल डॉ. कुक यांनी लिहिलं आणि १९२७ मध्ये त्यांनीच आजाराला हे नाव दिलं, म्हणजे तुमचे वडील गिरणीत लागायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी हे माहीत होतं. याचा मला अजूनही राग येतो.

अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला लावला की श्वासाच्या शेवटी बारीक चुरचुर ऐकू येते, कानाजवळ चार केस बोटात धरून चोळा, अगदी तसा आवाज. खोकल्यानंतरही तो जात नाही. तुमच्या डॉक्टरांना हे मुद्दाम ऐकायला सांगा. बोटांची टोकं फुगीर होऊन नखं पोपटाच्या चोचीसारखी वळलीत का तेही बघा, ते सगळ्यांनाच होत नाही पण असेल तर लक्षात घ्यायला हवं.

एकेटीबद्दल. टीबी नाहीच असं मी म्हणत नाही, आपल्या देशात कुणालाही टीबी होऊ शकतो आणि अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्या माणसालाही होऊ शकतो. माझं म्हणणं एवढंच की नुसत्या एक्स-रेवर सहा महिन्यांची औषधं सुरू करू नका, पुरावा बघा. बेडका तपासा, सीबीनॅट म्हणजे बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी चाचणी करा, खोकला कोरडा असेल तर सलाइनची वाफ देऊन बेडका काढता येतो. काहीच नाही सापडलं तर थांबून पुढच्या तपासण्या करा. हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्या हातून हे झालंय. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत एक गृहस्थ आले, छातीत एका बाजूला पाणी, पाणी तपासलं तर टीबीसारखंच, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त, मी एकेटी दिली. पाणी परत भरलं, परत काढलं, मी म्हटलं औषधाला वेळ लागतो. पाच महिन्यांनी त्यांची बायको सहज बोलून गेली की गोदीत जहाजाच्या इंजिन रूममध्ये असायचे, कपडे पांढरे होऊन यायचे. बायॉप्सी केली, मेसोथेलिओमा निघाला. तो आजार लवकर कळला असता तरी बरा झाला असता असं नाही, पण ते पाच महिने त्यांच्या घरच्यांना वेगळ्या तऱ्हेने घालवता आले असते. ते पाच महिने मी विसरलेलो नाही.

मेसोथेलिओमा म्हणजे त्या पदराचाच कॅन्सर, कधी पोटाच्या पदराचाही होतो. हा मुळात दुर्मिळ आहे, अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांमध्येही बहुसंख्य लोकांना होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात अ‍ॅस्बेस्टॉसचा संबंध इतका थेट असतो की १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्ण मांडले तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले निघाले, आणि सगळे खाणकामगारही नव्हते, काही नुसते त्या भागात लहानाचे मोठे झालेले. याची लक्षणं म्हणजे एका बाजूला सतत दुखणं, त्याच बाजूला पाणी भरणं आणि काढलं तरी परत भरणं, वजन भराभर उतरणं. वडिलांच्या रिपोर्टमध्ये पाणी लिहिलेलं नाही, दुखतंय असं तुम्ही म्हणत नाही, वजन वर्षात दोन किलो. यावरून मला मेसोथेलिओमाची भीती कमी वाटते, पण सीटी होईपर्यंत ‘नाही’ असा शब्द मी देणार नाही. आणि समजा पुढेमागे छातीत पाणी भरलंच, तर नुसतं पाणी तपासून ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’ असा रिपोर्ट आला तरी समाधान मानू नका, या आजारात पाण्यात बऱ्याचदा काही सापडत नाही, दुर्बिणीतून पदराचा तुकडा घ्यावा लागतो.

त्यापेक्षा मला फुफ्फुसाच्या साध्या कॅन्सरची काळजी जास्त वाटते आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. वडील बिडी ओढायचे का, अजून ओढतात का? अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचा सेलिकॉफ आणि हॅमंड यांचा १९७९ चा मोठा अभ्यास आहे, धूम्रपान न करणाऱ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये नसलेल्या माणसाचा धोका १ धरला तर नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसवाल्याचा साधारण ५ पट, नुसत्या सिगरेटवाल्याचा ११ पट आणि दोन्ही असलेल्याचा ५० पटीच्या वर. पुढच्या अभ्यासांमध्ये आकडे कमी-जास्त आले पण दोन्ही मिळून धोका बेरजेपेक्षा जास्त वाढतो हे टिकून आहे. मेसोथेलिओमाचा बिडी-सिगरेटशी संबंध नाही, पण या कॅन्सरचा आहे, आणि बिडी ही एकच गोष्ट आज आपल्या हातात आहे, छातीतले तंतू काही आपण काढू शकत नाही. ६८ व्या वर्षी सोडून काय फायदा असं वडील म्हणतील, सगळेच म्हणतात. फायदा आहे, सोडल्यापासून धोका उतरायला लागतो.

तपासण्या मी या क्रमाने केल्या असत्या. आधी छातीचा एचआरसीटी म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, आणि चिठ्ठीवर ठळक लिहायचं की अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये २८ वर्षं काम, पालथं झोपवूनही फोटो घ्या. पालथं का, तर उताणं झोपल्यावर फुफ्फुसाच्या मागच्या-खालच्या भागात नुसत्या वजनानेही सावली येते आणि ती सुरुवातीच्या आजारासारखी दिसते, पालथं केलं की खोटी सावली निघून जाते, खरी राहते. मग फुफ्फुसाची क्षमता बघणारी पीएफटी, त्यात नुसती स्पायरोमेट्री म्हणजे नळीत फुंकायची तपासणी करून थांबू नका, डीएलसीओ म्हणजे हवेतून रक्तात वायू किती जातो तेही करा, कारण तेच आधी कमी होतं. सहा मिनिटं चालायला लावून ऑक्सिजन किती उतरतो ते. हृदयाचा टूडी एको, कारण या वयात दम हृदयाचाही असतो. बायॉप्सी बहुतेक वेळा लागत नाही, कामाचा इतिहास, मधला काळ आणि सीटी हे तिन्ही जुळलं आणि दुसरं कारण सापडलं नाही की निदान होतं.

उपचार काय, हा प्रश्न येणारच. अ‍ॅस्बेस्टॉसिस बरं करणारं औषध नाही, हे मी पेशंटला स्पष्ट सांगतो कारण नाहीतर लोक शहरं फिरत पैसे घालवतात. स्टिरॉइडचा यात उपयोग होत नाही, कोणी महिनोन्महिने दिलं तर का ते विचारा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची लस, श्वासाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, ऑक्सिजन उतरत असेल तर घरी ऑक्सिजन, आणि आजार पुढे सरकतोय असं दिसलं तर निंटेडॅनिबसारखं औषध, ते वेग कमी करतं, झालेलं उलटवत नाही, महागही आहे आणि पोट बिघडवतं, तेव्हा ते द्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी पीएफटी दोन-तीनदा बघून ठरवायचं. चांगली बाजू म्हणजे हे बऱ्याच जणांमध्ये खूप संथ चालतं. मघाशी सांगितलेले ते कणीक मळून दाखवणारे आजोबा निदानानंतर अकरा वर्षं माझ्याकडे येत होते, शेवटच्या वर्षापर्यंत स्वतः भाजी आणायचे, फक्त चढावर थांबून थांबून.

आता कागद. हे लोक सोडून देतात आणि नंतर पस्तावतात. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात नोंदवायचा आजार आहे, म्हणजे निदान करणाऱ्या डॉक्टरने तो कळवायचा असतो, आणि भरपाईच्या कायद्यातही तो कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या केसमध्ये सांगितलं की अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगाराचं आरोग्य रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, जे नंतर संपेल तोपर्यंत ठेवायचं. पण तुमच्या वडिलांसारखे, जे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात नव्हते तर दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन ते लावत होते आणि तेही कंत्राटदाराकडून, त्यांचं रेकॉर्ड बहुतेक कुणीच ठेवलेलं नसतं. म्हणून जे मिळेल ते गोळा करा. गिरणीचं ओळखपत्र, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, कंपनीचा गेटपास, बोनसचं पाकीट, सोबत काम केलेल्या दोन माणसांची नावं-पत्ते. एका वहीत वर्षवार लिहून काढा, कुठली कंपनी, काय काम, किती तास, मास्क होता की नाही. भरपाई मिळेलच असं मी सांगू शकत नाही, मुदतीचे नियम असतात, कंत्राटदार हात वर करतो, त्यासाठी कामगारांच्या केसेस करणारा वकील किंवा युनियन गाठा आणि निदान झाल्यावर उशीर करू नका. पण ती वही डॉक्टरलाही लागणारच आहे, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

आणि आई. तुम्ही सहज एका ओळीत लिहिलंय की आई वडिलांचे कपडे अंगणात झटकून मग धुवायची. ती ओळ वाचून मी थांबलो. १९६५ मध्ये लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, न्यूहाउस आणि थॉम्पसन यांचा, त्यात अशा बायका निघाल्या ज्या कारखान्यात कधी गेल्याच नव्हत्या, घरी कामगाराचे कपडे धुवत होत्या. आईंना घाबरवू नका, धोका वडिलांपेक्षा बराच कमी आहे, पण त्यांचाही एक एक्स-रे काढून ठेवा आणि त्यांच्या फाइलवरही हे लिहा. पुढे कधी त्यांना एका बाजूला दुखलं किंवा पाणी भरलं तर तो डॉक्टर टीबीवर थांबणार नाही.

पत्र्यांचं उत्तर सोपं आहे, म्हणजे बऱ्यापैकी. सिमेंटच्या पत्र्यात पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तो सिमेंटमध्ये घट्ट धरलेला असतो. पत्रा धड असेल, तुम्ही त्याखाली झोपत असाल तर त्याने वडिलांसारखं होईल असं नाही. पांढरा प्रकार निर्धोक आहे असं कोणी सांगितलं तर मात्र ऐकू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सगळ्याच प्रकारांना कॅन्सरकारक ठरवलंय. धोका आहे तो पत्रा फोडताना, कापताना, ड्रिल मारताना, आणि कोकणात एक गोष्ट सगळे करतात, पावसाळ्याआधी वर चढून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतात. ते बंद करा. जुन्या पत्र्याचा वरचा थर झिजलेला असतो, तंतू उघडे पडलेले असतात, ब्रशने ते सगळे हवेत.

बदलायचेच असतील तर आदल्या दिवशी नाही, काढायच्या वेळी पाणी मारून पत्रे ओले करा, पाइपने हळू, प्रेशर पंप नको. हुकाचे नट सोडून पत्रा अख्खा खाली घ्या, वरून टाकू नका, नट गंजलेला असेल तर हुक कापा, पत्रा नाही, ग्राइंडर पत्र्याला लावूच नका. वर चढताना फळी टाका, हे पत्रे पायाखाली फुटून माणसं पडतात, तो धोका कॅन्सरपेक्षा जवळचा आहे. काम करणाऱ्यांना गमछा नाही, साधा एन-९५ ही नाही, पी-१०० किंवा एफएफपी-३ प्रकारचा मास्क, नीट बसवलेला. खाली पडलेले तुकडे कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने गोळा करा, जाड प्लास्टिकमध्ये बांधा, पंचायतीला किंवा नगरपालिकेला विचारून कुठे टाकायचे ते ठरवा, तुकडे फोडून अंगणात भराव म्हणून घालतात तसं तर अजिबात नको. नवीन घालताना रंगीत लोखंडी पत्रा किंवा अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला सिमेंटचा पत्रा मिळतो, दुकानदाराला तसं बिलावर लिहून मागा. आणि त्या दिवशी वडिलांना तिथे नेऊ नका, ‘मला अनुभव आहे’ म्हणून ते वर चढतील.

आत्ता या आठवड्यात करायचं ते एवढंच, एकेटी सुरू करण्याआधी बेडका द्या, आणि कामाचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी घेऊन एचआरसीटी करा. रिपोर्ट आला की त्यातला खालच्या भागाबद्दलचा परिच्छेद जसाच्या तसा इथे टाका, नाव-पत्ता काढून, आणि सोबत पीएफटीतले एफव्हीसी (एका दमात बाहेर सोडलेली एकूण हवा) आणि डीएलसीओचे टक्के. बिडीचंही सांगा, किती वर्षं आणि रोज किती.